इंदूमावशींची सही

पगाराच्या दिवशी इंदूमावशी मधल्या सुट्टीत कुणाला चहा आणून देत नसत. बँकेतून पगार काढून आणला की त्या प्रयोगशाळेमागच्या सामानाच्या खोलीत जायच्या, आतून कडी घालायच्या आणि खडूच्या रिकाम्या खोक्यांत नोटा वाटून ठेवायच्या. खोकी सहा. घरून पिशवीतून आणलेली. एकावर तेलाची बाटली काढलेली, एकावर दुधाची किटली, एकावर पुस्तक. चित्रं त्यांच्या मुलीनं, शैलानं काढून दिलेली. हे घरी का करत नाही, असं मी एकदा विचारलं होतं. "एकगठ्ठा पैसा घरात गेला की त्याला पाय फुटत्यात," त्या म्हणाल्या. "वाटून नेला की गपगुमान बसतो."

"मावशी, बजेट मंजूर झालं का?" असं त्या बंद दाराबाहेरून विचारणारा मीच असे. बाकीचे शिक्षक हसत. मी शाळेत गणित शिकवायचो. सातवीला नफा-तोटा, नववीला चक्रवाढ व्याज. मावशी पदर सारखा करत बाहेर येत आणि म्हणत, "झालं सर. तुमचं कवा मांडायचं ते सांगा." मग सगळे आणखी हसत. मीही हसायचो.

ओतूरच्या त्या शाळेत मी नव्वद सालानंतर लागलो. मावशी माझ्या आधी तीन-चार वर्षं तिथं शिपाई होत्या. आधी ती नोकरी त्यांच्या यजमानांची, बबनरावांची. ते काविळीनं गेले आणि त्यांच्या जागी मावशींना घेतलं. माहेर मढचं, शाळा चौथीपर्यंत. घरात शैला, म्हातारी सासू आणि बबनरावांची उधारी. ती किती आहे हे त्यांना नवरा गेल्यावर, दारात माणसं येऊ लागली तेव्हा समजलं. "कावळा शिवायच्या आधी सावकार शिवला," असं त्या सांगत. त्यात तक्रार नसे. पाऊस किती झाला ते सांगावं तसा सूर असे.

ती उधारी त्यांनी एकटीनं फेडली नव्हती. त्यांची जाऊ पारूबाई आणि शेजारच्या जैबूनभाभी, आठवडे बाजारांत बांगड्या विकणाऱ्या, या दोघींच्याही डोक्यावर देणं होतं. तिघी दर रविवारी दुपारी मावशींच्या ओट्यावर बसत. आठवड्यात काय आलं, काय गेलं ते प्रत्येकीनं मोठ्यानं सांगायचं. थोडं थोडं एकत्र टाकायचं आणि ज्या देण्याचं व्याज सगळ्यात जास्त, ते आधी फेडायचं, मग ते कुणाचं का असेना. सहा वर्षांत तिघी मोकळ्या झाल्या. हे सगळं मला ठाऊक होतं. गोष्ट म्हणून ठाऊक होतं.

माझं कर्ज चैनीतून झालं असं मला आजही म्हणवत नाही. पण गरजेतून झालं असं म्हणणंही खोटं होईल. बहिणीचं लग्न झालं, त्यात मानपान वाढला. मग ओतूरला घर बांधलं. घर नवं म्हणून रंगीत टीव्ही हप्त्यानं आणला, शेजारी फ्रिज आला म्हणून फ्रिज आणला, शाळा चालत दहा मिनिटांवर असून स्कूटर घेतली. मास्तर माणूस म्हणून कुणी उधारीला नाही म्हणत नसे. एकाचा हप्ता द्यायला दुसऱ्याकडून घेत गेलो. शेवटी आळेफाट्याच्या एका माणसाकडून महिन्याच्या व्याजानं पैसे उचलले. माझ्या बायकोला, सुनीताला, यातलं घराचं आणि टीव्हीचं कर्ज एवढंच माहीत होतं. बाकीचं मी तिला सांगितलं नाही. तिला त्रास नको म्हणून, असं मी स्वतःला समजावत होतो.

आळेफाट्याचा माणूस शाळेत येईन म्हणाला तेव्हा मी गावातल्या एका पतसंस्थेत अर्ज केला. दोन जामीनदार हवे होते. एक चुलतभाऊ मिळाला. दुसऱ्यासाठी मी शिक्षकांच्या खोलीत फॉर्म घेऊन दोन दिवस फिरलो. कुणाची आधीच दोन ठिकाणी सही झालेली होती, कुणाला बायकोला विचारायचं होतं. तिसऱ्या दिवशी मावशी पाण्याचा तांब्या ठेवायला आल्या आणि टेबलावरच्या फॉर्मकडे बघत उभ्या राहिल्या.

"कशापायी काढताय सर?"

मी म्हणालो, "आईच्या डोळ्याचं ऑपरेशन आहे."

आईच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन चार महिन्यांपूर्वीच झालं होतं. जुन्नरला, मोफत शिबिरात.

मावशींनी हात पदराला पुसले. "आईचं हाय तर मग काय. आणा हिकडं." त्यांनी खुर्ची ओढून घेतली नाही. उभ्यानंच, टेबलावर वाकून, एकेक अक्षर सुटं काढत सही केली. ती सही त्यांना शैलानं शिकवली होती. सही झाल्यावर त्यांनी एकदा ती वाचून बघितली आणि म्हणाल्या, "मास्तर माणूस. तुमी कुठं पळून जाताय?"

मी पळून गेलो नाही. रोज शाळेत त्यांच्यासमोर होतो. फक्त हप्ते भरले नाहीत. पहिले तीन भरले, मग थांबले. माझ्या पगारातून आधीच दोन कपाती होत्या, हातात येई ते घरखर्चाला पुरत नसे. चुलतभावाची कायमची नोकरी नव्हती. संस्थेनं नोटिसा पाठवल्या, त्या मी कपाटात वह्यांच्या गठ्ठ्याखाली ठेवल्या. मग संस्थेनं शाळेला पत्र दिलं आणि जामीन राहताना मावशींनी सही केलेल्या संमतीपत्राप्रमाणे त्यांच्या पगारातून रक्कम कापली जाऊ लागली.

हे मला पहिल्याच महिन्यात आमच्या क्लार्कनं सांगितलं. "मावशींना बोललोय मी. तुम्हीही बोलून घ्या सर," तो म्हणाला. मी म्हणालो, हो, आजच बोलतो. त्यानंतर सात महिने मी काही बोललो नाही. पुढच्या महिन्यात भरू, दिवाळीनंतर भरू, पेपर तपासणीचे पैसे आले की भरू. मावशी पगाराच्या दिवशी त्या खोलीत जात, कडी घालत. मी आता बाहेरून काही विचारत नसे. त्याही काही म्हणत नसत. वऱ्हांड्यात समोरून येताना दिसल्या की मी हजेरीपटात डोकं घाली.

त्या वर्षी शैला बारावी झाली. ती माझी विद्यार्थिनी, शांत, नेटकी मुलगी. पुण्याला नर्सिंगला तिचा नंबर लागला. मावशींनी शाळेत पेढे वाटले, मलाही दिला. तो मी खाल्ला.

जुलैमध्ये एका संध्याकाळी शैला आमच्या घरी आली. मी पुढच्या खोलीत वह्या तपासत होतो. ती बसली नाही. हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत घातलेलं प्रवेशाचं पत्र होतं.

"सर, एक विचारायचं होतं. फी भरायची शेवटची तारीख सोमवार आहे. आई म्हणते पैसे जमले नाहीत. पण माझ्या फीचं खोकं वेगळं होतं, मी दहावीत असल्यापासून. तिनं त्यातून दर महिन्याला घरखर्चाला काढलेत. पगार कापून येतो म्हणते, कशाबद्दल ते सांगत नाही. तुम्हाला शाळेत काही कळलंय का?"

मी तिच्याकडे बघितलं आणि म्हणालो, "चौकशी करतो."

"बरं सर," म्हणून ती गेली. तिनं फाटक नीट लावून घेतलं.

सुनीता आतल्या दारात उभी होती. "कशाबद्दल कापतात?" तिनं विचारलं. मी म्हणालो, मला काय माहीत. ती म्हणाली, "तुम्ही तिच्याकडे बघितलंत ना, तेव्हाच मला कळलं की तुम्हाला माहीत आहे." मग मी सांगितलं. वह्यांच्या गठ्ठ्याखालचे कागद काढून तिच्यापुढे ठेवले. ती रडली नाही, भांडली नाही. कागद वाचून झाल्यावर तिनं चपला घातल्या आणि म्हणाली, "चला."

मावशी ओट्यावर तांदूळ निवडत होत्या. शैला घरात नव्हती, आजीचं औषध आणायला गेली होती. सुनीता त्यांच्या पायाशी बसली. मी उभा होतो.

"तुला ह्यांनी कवा सांगितलं?" मावशींनी तिला विचारलं.

"आत्ता. अर्ध्या तासापूर्वी."

मावशींनी सूप बाजूला ठेवलं. "बसा सर. सोमवारची फी काय आता तुमच्याच्यानं व्हत न्हाई. व्हती का?"

मी नाही म्हणालो. त्या मिनिटाला माझ्या खिशात साठ-सत्तर रुपये होते. सुनीतानं हातातल्या बांगड्या काढायला घेतल्या. मावशींनी तिचा हात धरला. "त्या बेन्टेक्सच्या हायेत पोरी. मला सोनं वळखू येतं." सुनीतानं माझ्याकडे बघितलं. सोन्याच्या बांगड्या मी पॉलिशला नेतो म्हणून नेल्या होत्या आणि गहाण ठेवल्या होत्या. आणलेल्या या दुसऱ्या. ते मी तिला अर्ध्या तासापूर्वीही सांगितलं नव्हतं.

"मंग आधी समदं सांगा," मावशी म्हणाल्या. "हिच्या म्होरं सांगा. जखम अर्धी धुऊन चालत न्हाई."

मी सांगितलं. अकरा ठिकाणी देणं होतं. मावशी बोटांवर मोजत होत्या, सुनीता जमिनीकडे बघत होती. सगळं संपल्यावर मावशी म्हणाल्या, "म्होरल्या रविवारी दुपारी दोघंबी या. यकट्यानं येऊ नका."

शैलाचा सोमवार निघून गेला. फी भरली गेली नाही.

त्यानंतरच्या रविवारी त्या ओट्यावर पारूबाई आणि जैबूनभाभी बसलेल्या होत्या. त्यांची स्वतःची देणी फिटून दोन-अडीच वर्षं झाली होती, पण बसणं त्यांनी मोडलं नव्हतं. मी पहिल्यांदा बसलो तेव्हा शरमेनं माझे कान तापले होते. पारूबाईंचा मुलगा माझ्या वर्गात होता. जैबूनभाभी म्हणाल्या, "मास्तर, शरमाओ मत. मी पयल्या दिवशी बुरखा ओढून बसले व्हते." तेव्हा सुनीता त्या दिवसांत पहिल्यांदा हसली. आम्ही यायच्या आधी मावशी शैलाला काही कामानं बाहेर पाठवत; सहीचं तिला कळू द्यायचं नाही, असं त्यांनी दोघींना बजावलं होतं.

हिशेबाची वही मावशींनी सुनीताच्या हातात दिली, माझ्या नाही. "सरांचं गणित चांगलं हाय, पण ते फळ्यावरचं. फळा पुसता येतो." स्कूटर विकायची ठरली आणि आठवड्यात विकली. वाण्याकडे सुनीताबरोबर मावशी स्वतः गेल्या; आजपासून रोखीनं, जुनं दर महिन्याला थोडं थोडं, असं बोलून आल्या. सुनीतानं साड्यांना फॉल लावायचं काम धरलं, जैबूनभाभी बाजारात बांगड्या भरताना बायकांना तिचं नाव सांगत. आणि पुढच्या काही महिन्यांत मावशी, पारूबाई आणि जैबूनभाभी या तिघींनी स्वतःच्या शिलकीतून थोडे थोडे काढून साठवलेले पैसे घेऊन सुनीता आणि मी आळेफाट्याला गेलो, त्या माणसाचा व्यवहार मिटवला. परतीच्या एसटीत सुनीता म्हणाली, "यातले कुणाचेच पैसे आपल्या नात्यातले नाहीत."

मी मावशींना म्हणालो होतो, पहिले तुमचे सात महिन्यांचे देतो. त्या नाही म्हणाल्या. "माझ्या पैशाला याज न्हाई. ज्याचं याज पळतंय त्याला आधी गाठा." संस्थेचे पुढचे हप्ते मी भरू लागलो आणि त्यांची कपात थांबली. मागचे मात्र सगळ्यात शेवटी द्यायचे ठरले. मला ते पटलं. मला ते सोयीचंही होतं.

सुधारलो असं मला वाटत असताना मी पुन्हा चुकलो. एका सहकाऱ्याच्या बढतीला मी आळेफाट्याच्या हॉटेलात सगळ्यांचं बिल दिलं आणि रविवारी ते सांगितलं नाही. सुनीतानं सांगितलं; तिला कुणाच्या तरी बायकोकडून कळलं होतं. पारूबाई काहीतरी बोलणार होत्या. मावशींनी त्यांना थांबवलं. "पैशे गेले त्याचं काय न्हाई सर. माणूस हाय, कदी हात सैल सुटतो. पर तुमी आमच्यात बसून गप ऱ्हायलात. मंग आमी हितं कशाला बसतो?" त्यांचा आवाज चढला नव्हता. त्या दिवशी मी आईच्या डोळ्याचंही सांगून टाकलं. सगळ्यांसमोर.

"ठाव हाय," मावशी म्हणाल्या. "सही केली तवा ठाव नव्हतं. म्होरल्या महिन्यात सासूला डोळ्याच्या शिबिराला घेऊन गेले, तिथं तुमच्या आईचं नाव निघालं. लई राग आला मला. आठ दिस तुमच्या टेबलावर पाणी ठिवलं न्हाई. तुमच्या ध्यानातबी आलं न्हाई."

खरंच आलं नव्हतं. आजही ते आठ दिवस आठवू पाहतो, तर टेबलावर तांब्या असल्याचंच आठवतं.

शैलाला पुढच्या वर्षी पाठवू, असं मावशी म्हणत होत्या. पण आजी अंथरुणाला खिळली, घरात कुणी हवं होतं. शिकणं थांबलेली मुलगी घरात दिसली की नातेवाईक स्थळं आणतात. फेब्रुवारीत शैलाच्या मामानं घोडेगावकडचं स्थळ आणलं आणि मे महिन्यात लग्न झालं. मुलगा चांगला, शेती बरी. आम्ही दोघं लग्नाला गेलो. शैलानं माझ्या पाया पडून नमस्कार केला. मी तिला आशीर्वाद दिला. काय दिला ते आठवत नाही.

आम्हाला मोकळं व्हायला साडेचार वर्षं लागली. शेवटी मावशींचे पैसे घेऊन आम्ही त्यांच्याकडे गेलो. त्यांनी ते नको-बिको म्हटलं नाही. ओट्यावर बसून, बोटाला थुंकी लावून दोनदा मोजले. "पुरे हायेत," म्हणाल्या. सुनीता आत चहा करायला गेली तेव्हा मी विचारलं, "मावशी, शैलाला मी सांगू का? फी माझ्यामुळं राहिली ते?"

त्यांनी नोटांच्या कडा जुळवल्या. मग म्हणाल्या, "तुमचं तुमी बघा सर."

मी बघितलं नाही. शैला सणाला यायची, दोन मुलं घेऊन. पुढे ती तिच्या गावच्या अंगणवाडीत मदतनीस झाली. रस्त्यात भेटली की "सर, बरे आहात ना?" विचारायची. प्रत्येक वेळी बरोबर कुणीतरी असे, किंवा तिची गाडी सुटत असे, किंवा मला तसं वाटत असे. मावशी निवृत्त झाल्या. शाळेनं शाल-नारळ दिला आणि भाषण मी केलं. त्यात मी त्यांच्या खोक्यांचं कौतुक केलं, काटकसरीचं कौतुक केलं. सहीचं नाव काढलं नाही. मावशी खाली मान घालून ऐकत होत्या. सुनीता पहिल्या रांगेतून उठून बाहेर गेली.

निवृत्तीनंतर चार वर्षांनी मावशी गेल्या. चार दिवस तापाचं निमित्त झालं. दहाव्याला आम्ही नदीवर गेलो होतो. विधी आटोपून माणसं पांगत होती. शैला एका बाजूला दगडावर बसली होती. मी तिच्यापाशी गेलो आणि उभ्या उभ्या सांगितलं. सही, न भरलेले हप्ते, सात महिने. ती संध्याकाळी घरी आली होती तेव्हा मला सगळं माहीत होतं, तेही.

ती ऐकत राहिली. चेहऱ्यावर राग दिसेल अशी माझी तयारी होती. राग दिसला नाही.

"मला आईनं सांगितलं होतं की पैसे तिनंच खर्च केले," ती म्हणाली. "चुलत्यांचं काही देणं होतं म्हणाली. मी विचारलं, माझं शिक्षण मोठं की ते देणं. ती उठून चुलीकडे गेली. लग्नानंतर दोन वर्षं मी माहेरी आले नाही, सर. तिनं निरोप पाठवले तरी आले नाही. पहिल्या बाळंतपणालासुद्धा सासरीच राहिले. नंतर येऊ लागले, पण ते माझ्या मनातून कधी गेलं नाही. शेवटी दवाखान्यात तिनं माझा हात धरला, तेव्हासुद्धा होतं."

मी म्हणालो, "शैला, माझं चुकलं."

तिनं मान हलवली, हो म्हणावं तशी. लांबून तिचा मुलगा तिला हाक मारत होता. ती उठली, साडीला लागलेली वाळू झटकली.

"हे ती असताना सांगायचं होतं, सर," ती म्हणाली, आणि मुलाकडे गेली.